अरवली : उंची नव्हे, मूळ

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि अरवलीतले सर्वांत उंच शिखर, माउंट अबूचे गुरुशिखर, १,७२२ मीटर. फरक अवघा ७६ मीटरांचा. पण कळसूबाई ज्या बेसाल्टचे बनले आहे, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. माउंट अबूचा ग्रॅनाइट सत्तर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजला आणि अरवलीच्या मुख्य रांगेतले पुष्कळसे खडक त्याहूनही जुने आहेत. ज्या खडकांचे वय सह्याद्रीच्या खडकांच्या दहापट, वीसपट आहे, ते आज उंचीने सह्याद्रीच्या बरोबरीत उभे आहेत. पर्वत जन्मतो, उंच होतो, झिजतो आणि संपतो, असे सरळ चित्र शाळेपासून आपल्या मनात असते. त्या चित्रात हा आकडा बसत नाही, कारण चित्रच अर्धे आहे. उंची हे पर्वताचे सर्वांत चटकन दिसणारे, पण सर्वांत फसवे माप आहे. जुना पर्वत समजून घ्यायचा तर तो किती खोल होता, त्याचे किती खडक निघून गेले आणि त्या झिजेनेच त्याला कसे तगवले, हे पाहावे लागते. अरवलीचे काय करायचे हा प्रश्न आज न्यायालयापर्यंत पोहोचलेला असल्यामुळे ही केवळ अभ्यासकांची बाब उरलेली नाही.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. सह्याद्री आणि अरवली हे एकाच जातीचे पर्वत नव्हेत. सह्याद्रीच्या कड्यावर लाव्ह्याचे थर एकावर एक जवळजवळ आडवे दिसतात. त्यांना कोणी दाबलेले नाही, मुडपलेले नाही. तो एका प्रचंड पठाराचा पश्चिमेकडचा कोरला गेलेला काठ आहे. अरवलीत याच्या उलट परिस्थिती. तिथले थर उभे झालेले, पिळवटलेले, काही ठिकाणी उलटेसुद्धा झालेले आहेत. हे थर मुळात समुद्राच्या तळाशी साचले. उदयपूरजवळ झामरकोटडा येथे फॉस्फेटच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइटचे उत्तम जीवाश्म आहेत. उथळ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेल्या या रचना सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे आज जिथे पाण्यासाठी तळी बांधावी लागतात, तिथे तेव्हा समुद्र होता. पुढे भूखंडांचे तुकडे एकमेकांकडे सरकले, मधले समुद्र मिटले आणि तळाचा गाळ दोन दगडी जबड्यांत सापडून मुडपला गेला. हे एकदाच घडले नाही. अरवलीच्या जुन्या थरांना मुडपणारी एक मोठी घडामोड सुमारे १८० ते १७० कोटी वर्षांपूर्वीची, तर दिल्ली नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांना मुडपणारी दुसरी सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची. हिमालयात आज जे चालले आहे, त्याच जातीची ही घडामोड. फक्त ती इतकी जुनी की तेव्हा पृथ्वीच्या जमिनीवर ना झाड होते, ना गवत.

आता मूळ कोड्याकडे वळू. हिमालयाच्या काही भागांत झिजेचा वेग वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे. हा वेग कमी वाटतो, पण हिशेब मांडला तर दहा लाख वर्षांत एक किलोमीटर होतो. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर. झीज याच वेगाने चालली आणि बाकी काहीच घडले नाही, तर नव्वद लाख वर्षांच्या आत त्या शिखराचे मैदान व्हायला हवे. पण हिंदुस्थानचा भूखंड आशियाला भिडून सुमारे पाच कोटी वर्षे झाली आहेत. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ बंगालच्या उपसागरात साचून जगातला सर्वांत मोठा समुद्रतळीचा पंखा तयार झाला आहे. तो सुमारे तीन हजार किलोमीटर लांब पसरला आहे. इतका माल वाहून गेल्यावरही पर्वत उभा आहे. हिमालयाच्या बाबतीत याचे सोपे उत्तर देता येते, की खालून रेटा अजून चालू आहे. अरवलीच्या बाबतीत मात्र हे उत्तर लागू पडत नाही. तिथला तो मुख्य रेटा शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. अमेरिकेतल्या अपालाचियन पर्वताचा रेटा थांबून सुमारे सव्वीस कोटी वर्षे लोटली, तरी तिथले माउंट मिचेल २,०३७ मीटरांवर आहे. रेटा थांबला की पर्वत लवकर संपतो, हा समज यामुळे टिकत नाही.

या कोड्याची किल्ली भारतातच सापडली, आणि तीही पर्वतांचा अभ्यास करताना नव्हे, तर नकाशासाठी मोजणी करताना. एकोणिसाव्या शतकात त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने देश मोजायला घेतला, तेव्हा मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य भारतातले कलियानपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर दोन पद्धतींनी काढले गेले. एकदा जमिनीवर त्रिकोणांची साखळी टाकून आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर साधारण दीडशे मीटरांचा फरक आला. सर्वेक्षणाच्या काटेकोरपणापुढे ही चूक फार मोठी होती. ताऱ्यांचा वेध घेताना खाली नेमके कुठे हे ओळंब्यावरून ठरते, आणि हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, अशी शंका आली. कलकत्त्याचे आर्चडीकन आणि गणिती जॉन हेन्री प्रॅट यांनी १८५४ मध्ये या ओढीचे गणित केले. उत्तर आले १५.८८५ सेकंद, प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. म्हणजे हिमालय ओळंब्याला ओढत होता, पण त्याच्या आकाराच्या मानाने फारच कमी. पुढच्याच वर्षी ग्रीनविचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांनी याचा अर्थ लावला. पर्वत कठीण पायावर ठेवलेले ओझे नसून खालच्या जड थरावर तरंगत आहे, आणि तरंगण्यासाठी त्याचा मोठा भाग खाली बुडालेला आहे. त्या बुडालेल्या हलक्या खडकाने खालच्या जड खडकाची जागा घेतल्यामुळे ओढ कमी पडते. प्रॅट यांनी स्वतः पुढे वेगळे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते पर्वतांचा खडकच कमी घनतेचा होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य निघाले, पण हिमालयासारख्या पर्वताला एअरींची मुळाची कल्पना अधिक लागू पडते, हे भूकंपलहरींनी नंतर दाखवून दिले. खंडांच्या भूकवचाची नेहमीची जाडी ३५ ते ४० किलोमीटर असते. तिबेटखाली ती सत्तरच्या आसपास जाते.

मूळ आहे हे एकदा मान्य केले की झिजेचा सगळा हिशेब बदलतो. माल उतरवला की होडी पाण्यात वर उचलली जाते, तसेच वरचा खडक झिजून गेला की पर्वत खालून वर येतो. भूकवचाची घनता पाण्याच्या साधारण २.७ पट आणि त्याखालच्या जड थराची, म्हणजे प्रावरणाची, ३.३ पट धरली, तर एक किलोमीटर खडक निघून गेल्यावर उरलेला पर्वत सुमारे ८२० मीटर वर उचलला जातो. सरासरी उंची घटते फक्त १८० मीटरांनी. पाच किलोमीटर सरासरी उंचीचा डोंगराळ प्रदेश समुद्रसपाटीवर आणायचा, तर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर जाडीचा खडक खरवडून न्यावा लागतो. हा आकडा तिबेटखालच्या जादा जाडीशी साधारणपणे जुळतो, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. हे केवळ कागदावरचे गणित नाही. स्कँडिनेव्हियावरचा बर्फाचा थर वितळून सुमारे दहा हजार वर्षे झाली, तरी ओझे उतरल्यामुळे स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येतो आहे. झिजेमुळे शिखर वाढूही शकते. नद्यांनी फक्त दऱ्या खोदल्या आणि शिखरे तशीच राहिली, तर हलका झालेला सगळा प्रदेश उचलला जातो आणि शिखरे आधीपेक्षा उंच होतात. सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुण नदीने दुसऱ्या नदीचा प्रवाह आपल्यात ओढून घेतला आणि तिचे खोदकाम वाढले. त्यामुळे एव्हरेस्टच्या उंचीत १५ ते ५० मीटरांची भर पडली असावी, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे ज्या शक्तीला आपण पर्वताचा शत्रू समजतो, तीच त्याला वर ढकलत असते.

इथे चोखंदळ वाचक विचारील, की मूळ असले तरी तेही कधीतरी संपणारच. शंभर कोटी वर्षे हा काळ अठ्ठावीस किलोमीटर खरवडायला पुरेसा नाही का? पुरेसा आहे, आणि अरवलीचे बरेचसे मूळ संपलेही आहे. पण झिजेचा वेग कायम राहत नाही, हे यातले दुसरे सूत्र. उतार तीव्र, पाऊस मोठा आणि दरडी कोसळणाऱ्या असतात तोवर वेग मिलिमीटरांत असतो. डोंगर ठेंगणे झाले, उतार मंदावले, नद्यांची ओढ कमी झाली की तो एकदम उतरतो. हे मोजण्याची सुंदर पद्धत उपलब्ध आहे. अवकाशातून येणारे किरण गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांत बेरिलियम-१० हे समस्थानिक निर्माण करतात, आणि तेही प्रामुख्याने पृष्ठभागालगतच्या एक-दोन मीटरांत. खडक जितका हळू झिजेल तितका तो पृष्ठभागापाशी जास्त काळ राहतो आणि त्यात हे समस्थानिक जास्त साठते. नदीतली मूठभर वाळू तपासून अख्ख्या खोऱ्याचा वेग काढता येतो. जगभरच्या जुन्या, शांत भूप्रदेशांत हा वेग दहा लाख वर्षांत काही मीटर ते काही दहा मीटर इतकाच भरतो. त्यातही खडकाची जात महत्त्वाची असते. अरवलीचे कणे प्रामुख्याने क्वार्ट्झाइटचे आहेत. मूळची वाळू दाबाने आणि उष्णतेने एकजीव होऊन हा खडक बनतो, आणि पाण्यात विरघळण्याच्या किंवा कुजण्याच्या बाबतीत त्याच्यासारखा चिवट खडक क्वचितच सापडतो. शेजारचे मऊ थर झिजून दऱ्या झाल्या, क्वार्ट्झाइटच्या धारा उभ्या राहिल्या. दिल्लीचा रिज, ज्याचाच एक भाग राष्ट्रपती भवनाची रायसीना टेकडी आहे, तो याच धारांचा उत्तरेकडचा शेवट आहे.

अरवली मुळापर्यंत उघडी पडल्याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मकराण्याचा संगमरवर, ज्यातून ताजमहाल बांधला गेला, तो कधीकाळी समुद्रात साचलेला चुनखडक होता. पर्वताच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने त्याचे स्फटिक पुन्हा घडले, तेव्हा तो संगमरवर झाला. त्याहून खोलची साक्ष मध्य अरवलीतल्या ग्रॅन्युलाइट खडकांत आहे. त्यांतली खनिजे ज्या दाबाला तयार होतात, तो दाब वीस किलोमीटरहून अधिक खोलीवरच मिळतो. असा खडक आज जमिनीवर पायाखाली असेल, तर त्याच्या डोक्यावरचे वीसहून अधिक किलोमीटर कुठेतरी गेले आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. पण यावरून भलते अनुमान काढू नये. अरवली एके काळी हिमालयापेक्षा उंच होती, असे वाक्य लेखांतून आणि भाषणांतून सर्रास येते. याला आधार नाही. खडक वीस किलोमीटर खोलीवरून आला म्हणून वीस किलोमीटरांचे शिखर होते असे होत नाही. झीज आणि उचल शेजारी शेजारी चालतात, आणि शिखर मध्यम उंचीचे राहूनही त्यातून प्रचंड जाडीचा खडक निघून जाऊ शकतो. खडक आपल्याला खोली सांगतो, उंची सांगत नाही. अरवली तेव्हा किती उंच होती याचा आकडा देणारा कोणताही पुरावा खडकांत शिल्लक नाही, आणि पर्वताचे महत्त्व सिद्ध करायला अशा आकड्याची गरजही नाही.

आणखी एक आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो भूवैज्ञानिकच घेतात. खडक जुना म्हणून डोंगर जुना, हे कशावरून? जोधपूरला याची साक्ष देणारी एक जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपली आहे. तिथे सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या मलानी ज्वालामुखी खडकांच्या झिजलेल्या पृष्ठभागावर जोधपूरचा वालुकाश्म जवळजवळ आडवा बसला आहे. म्हणजे तो वालुकाश्म साचला तेव्हा निदान पश्चिमेचा प्रदेश झिजून सपाट झालेला होता, आणि त्यानंतर त्या बाजूला थर मुडपणारा मोठा दाब पुन्हा आला नाही. मग मुख्य रांगही कधीतरी जवळजवळ सपाट झाली असेल आणि आजचे डोंगर नंतरच्या उचलीतून, नव्याने कोरले गेले असतील, हे अगदी शक्य आहे. रांगेतल्या कित्येक माथ्यांची सारख्या पातळीवरची सपाटी तसे सुचवते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने मूळ म्हणणे ढासळत नाही, उलट पक्के होते. जर पर्वत एकदा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर एखाद्या क्षणाची उंची ही त्याची ओळख होऊच शकत नाही. टिकून राहते ती खडकांची जोडणी, त्यांची घडी, त्यांची दिशा आणि खाली शिल्लक असलेली मुळाची रचना. शंभर कोटी वर्षांपूर्वी मुडपलेली तीच ईशान्य-नैर्ऋत्य चाल आजही डोंगरांची धार ठरवते आणि पाण्याची वाटही ठरवते. बनास अरवलीतून निघून चंबळ, यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाते, साबरमती खंबातच्या आखाताला मिळते आणि अजमेरजवळ उगम पावणारी लुणी कच्छच्या रणात विरते. ज्याला आपण झिजून उरलेला पर्वत म्हणतो, तो अजून उत्तर भारताचे पाणी दोन समुद्रांत वाटून देतो आहे.

हे सगळे आज का सांगायचे, तर खाणींमुळे. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अहवालात म्हटले होते, की राजस्थानातल्या अरवलीत नमुना म्हणून तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ टेकड्या १९६७-६८ नंतर नाहीशा झाल्या आहेत. यावर कोणी म्हणेल, की झिजेने पर्वत वर येतो असे तुम्हीच सांगितले, मग खाणीने काय बिघडले? बिघडते ते प्रमाणामुळे. ही उचल शेकडो किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाची आणि हजारो वर्षांच्या गतीची असते. एका टेकडीचे ओझे भूकवचाच्या जाडीला जाणवतसुद्धा नाही, ते सभोवतालचा कडक थर सहज पेलून घेतो. म्हणून टेकडी काढली तर तिच्या जागी खालून काहीही वर येत नाही. तिथे खड्डा राहतो. दहा लाख वर्षांत दहा मीटर हा दर धरला, तर पन्नास मीटरांची क्वार्ट्झाइटची टेकडी निसर्गाला झिजवायला पन्नास लाख वर्षे लागतील. सुरुंग आणि खडीयंत्र ते काम काही वर्षांत करतात. शिवाय नैसर्गिक झीज उतार, माती आणि पाण्याच्या वाटा यांची एकमेकांशी जुळणी करत पुढे जाते. भेगाळ खडकातून जमिनीत मुरणारे पाणी हा त्या जुळणीचाच भाग असतो. खाणीत ही जुळणी एका फटक्यात मोडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची एक व्याख्या स्वीकारली. तिच्यानुसार आजूबाजूच्या जमिनीपासून किमान १०० मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर. यावर मोठा वाद झाला आणि डिसेंबरअखेर न्यायालयानेच आपल्या निकालाची अंमलबजावणी थांबवली. प्रशासनाला मोजता येईल अशी रेघ हवी असते, राज्याराज्यांत वेगळे निकष चालले तर पळवाटा निघतात, हे व्याख्येच्या बाजूचे म्हणणे खरे आहे आणि ते उडवून लावू नये. चूक आहे ती कशाचे मोजमाप घ्यायचे, याच्या निवडीत. शंभर कोटी वर्षे झिजलेल्या पर्वताला उंचीची कसोटी लावणे म्हणजे तो ज्या बाबतीत नेमका उणा असणार त्याच बाबतीत त्याची परीक्षा घेणे. क्वार्ट्झाइटची एकच धार एका गावापाशी १२० मीटर उंच असते, पुढच्या गावापाशी ६० मीटरांवर येते आणि त्यापुढे मातीखाली जाते. ती तिन्ही ठिकाणी एकच धार आहे, पाणी मुरवण्याचे काम तिन्ही ठिकाणी तीच करते. मोजता येईल अशी रेघ हवी असेल, तर ती आधीच आखलेली आहे. ए. एम. हेरन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वर्षे खपून मध्य राजपुतान्याचा भूवैज्ञानिक नकाशा तयार केला आणि त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्यानंतर त्याहून बारकाईने काम केले आहे. कोणता खडक कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कुठे मातीखाली जातो, हे त्या नकाशांवर आहे. अरवलीची हद्द त्या नकाशांवरून, खडकांच्या रचनेवरून आणि पाणलोटावरून ठरवावी, उंचीवरून ठरवू नये. व्याख्येचा प्रश्न अजून खुला आहे तोवरच ही मागणी नागरिकांनी, शिक्षकांनी आणि भूगोलाच्या अभ्यासकांनी ठामपणे मांडली पाहिजे.